मिरचीच्या रोपासाठी घेतलेली हीट मॅट, परभणीच्या थंडीत वापरून

चार स्टार देतोय आणि त्यातले दोन थर्मोस्टॅटचे, म्हणजे मॅटचं टेंपरेचर सांभाळणाऱ्या डब्याचे आहेत, हे आधीच सांगून ठेवतो. नुसती मॅट घ्यायचा विचार असेल तर पुढचं वाचा अन मग पैसे घाला.

मराठवाड्यात मिरचीच्या बियाला खालून ऊब द्यायची म्हणलं की लोक हसतात. आमच्या घरात पण हसले, आबा तर म्हणाले आता मिरचीला बी गादी लागायली का. पण जानेवारीत परभणीला पहाटे गच्चीवर पाच मिनिटं थांबून बघा, थंडीची लाट आली की पारा एक आकडीच असतो, अन उन्हाळी मिरचीचं रोप टाकायचा टाईम नेमका तोच. फेब्रुवारीत लावण करायची तर रोप डिसेंबरच्या शेवटाला टाकावंच लागतं, कारण लावणीजोगं व्हायला सहा आठवडे जातातच, थंडीत जास्तच. आणि मिरचीचं बी म्हणजे लई नखरेल. कोकोपीटमधी, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या चुऱ्यात, २५ ते ३० अंश मिळाले तर साधारण आठ दिवसांत उगवतं, २० ला तेरा-एक दिवस, १५ ला पंचवीस दिवस, आणि १० अंशाला उगवतच नाही, तसंच पडून राहतं आणि बऱ्याचदा सडतं. गंमत म्हणजे ४० ला पण उगवत नाही. हा ४० चा आकडा लक्षात ठेवा, पुढं कामाला येतो.

आता वस्तू. काळी, रबरासारखी, पातळ चटई आहे, आतून तापणारी तार फिरवलेली, २० वॅटची. ९८ होलचा एक प्रोट्रे, म्हणजे रोपं टाकायचा खणाखणांचा प्लास्टिक ट्रे, वर बरोबर बसतो, दुसरा ठेवायला जागा नाही. पाण्याचे शिंतोडे उडाले तर काही होत नाही, मी पाणी घालतो तेव्हा रोजच भिजते. थर्मोस्टॅटचा डबा वेगळा येतो, त्याला एक सेन्सरची वायर, ती कोकोपीटमधी खुपसायची, पाहिजे तो आकडा सेट करायचा, तेवढं टेंपरेचर झालं की मॅट आपोआप बंद, कमी झालं की परत चालू. दोन्ही मिळून दोन हजाराच्या आसपास पडलं. वीज फारच कमी खाते, रात्रीचे चौदा तास सलग चालली तरी पाव युनिटाच्या थोडं वर.

मला ही सांगितली भाचीनं, ती एडिंबरोला असते. तिकडं ती दरवर्षी खिडकीत मिरच्या लावते, जानेवारी-फेब्रुवारीत बी टाकते कारण तिकडचा उन्हाळा एवढासाच, लवकर नाही टाकलं तर मिरची लाल व्हायच्या आत थंडी परत येते. झाड बाहेर काढायचं तर मे संपेपर्यंत थांबावं लागतं तिला. डिसेंबरात तिकडं पावणेचारच्या आत सूर्य मावळतो, दिवस कसाबसा सात तासांचा, त्यामुळं मॅटसोबत वर ग्रो लाईट, म्हणजे रोपांना उन्हाऐवजी उजेड देणारा दिवा, पण लावावी लागते, नाहीतर रोपं उजेडाकडं मान करून दोऱ्यासारखी लांबतात. मला व्हिडिओ कॉलवर सारखं विचारायली, मामा तुम्ही लाईट घेतली का, लाईट घ्या. मी म्हणलं अगं बाई, परभणीत जानेवारीत पण अकरा तास ऊन आहे, तेही फुकटचं, मी लाईटला कशाला पैसे घालू.

आणि इथंच सगळी मेख आहे बघा. मॅटसोबत जो कागद येतो तो अशा थंड देशातल्या माणसासाठी लिहिलेला आहे. त्यात सरळ लिहिलंय की उगवेपर्यंत २४ तास चालू ठेवा, वर झाकण लावा. तिकडं घरात दिवसभर १८-१९ अंश असतात तर ते बरोबरच आहे. आपल्याकडं थंडी आहे ती फक्त रात्रीची आणि पहाटेची. दुपारी बारा-एकला गच्चीवर २८-२९ अंश, त्यात वर प्लास्टिकचं झाकण, खालून मॅट चालू, म्हणजे ट्रेच्या आत आरामात ४० पार, मग बी उकडून निघणारच. म्हणून म्हणतो थर्मोस्टॅट पाहिजेच, तो नसेल तर रात्री आठला बटण चालू अन सकाळी आठला बंद हे रोजच्या रोज जमणार असलं तरच घ्या. मी २८ वर सेट करून ठेवलंय, दिवसा मॅट जवळपास बंदच असते, रात्री टिकटिक करत चालू-बंद होत राहते.

दुसरी गोष्ट जी जाहिरातीत नीट सांगत नाहीत. ही मॅट भोवतालच्या हवेपेक्षा पाच ते दहा अंश जास्त करते, बास. ३० अंश म्हणून छापलेलं असतं ते खोलीत ठेवली तर. रात्री गच्चीवर ८ अंश असतील तर मॅट जीव तोडून १८ पर्यंत नेईल, त्याच्या पुढं नाही, थर्मोस्टॅटवर तुम्ही काहीही सेट करा. त्यामुळं रात्री ट्रे घरात. मॅटखाली थर्माकोल टाका, औषधाच्या दुकानात डबे फेकायलाच ठेवलेले असतात, त्यातला एक कापून घ्या, कारण फरशीवर सरळ ठेवली तर निम्मी ऊब फरशीच पिऊन टाकते. थर्माकोल घातल्यावर आमच्या मागच्या खोलीत पहाटे पण कोकोपीट २७-२८ ला टिकून राहिलं. लाईट गेली तर वरून गोणपाट टाकायचं, दोन-तीन तास निघून जातात.

पाण्याचं गणित मात्र बदलतं. खालून ऊब असली की कोकोपीट बुडाकडनं सुकतं आणि वरून ओलं दिसतं, झाकणाला आतून थेंब लागलेले असतात म्हणून आपल्याला वाटतं भरपूर ओल आहे. एका कोपऱ्यातल्या होलमधी बोट घालून बघा, वरचं अर्धा इंच गार ओलं अन खाली कोरडा भुसा. मी ट्रे खाली पाणी ठेवून बुडातनं पिऊ देतो. वरनं जास्त मारलं की मर लागते, रोप जमिनीलगत काळं पडून आडवं होतं, मग काही करता येत नाही. बियाला आधी ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला मारणारी मित्रबुरशी, चोळलं तर बरं.

उगवताना बघायला मात्र मजा येते. आधी मातीतनं पांढुरका वाकडा हुकासारखा कोंब वर येतो, मग तो सरळ होतो आणि दोन पानांच्या टोकाला बियाचं टरफल अडकलेलं असतं. ते ओढायचं नाही, पान तुटतं, स्प्रेनं ओलं करून ठेवा, दुसऱ्या दिवशी आपोआप गळतं. आणि अर्ध्याहून जास्त ट्रे उगवला की मॅट काढून घ्यायची, हे कुणी सांगत नाही. उगवल्यावर बुडाला ऊब आणि वर कमी उजेड असलं की रोपं नुसती वाढतात, जाड होत नाहीत. त्याच्यापुढं दिवसभर ऊन, वर बारीक जाळी, कारण फुलकिडे आणि पांढरी माशी रोपातच लागली की पुढं बोकड्या, म्हणजे पानं आकसायचा रोग, येतो, मग तुमची मॅट किती भारी होती त्याला काही अर्थ नाही.

कुणी घ्यावी? मी घरचं परभणी तेजस या मिरचीच्या जातीचं बी टाकलं होतं अन हौस म्हणून भूत जोलोकिया. तेजस आठवड्यातच दिसायला लागलं. शेजारी बिनमॅटचा ट्रे ठेवला होता त्यात तेव्हा काहीच नव्हतं, नंतर हळूहळू एक-एक वर आलं, तेही पुढं-मागं, म्हणजे लावणीला सगळी रोपं एका मापाची मिळत नाहीत. जोलोकियाला तर मॅटवर पण तीन आठवडे लागले, ती जातच तशी, आसामकडच्या दमट गरमीतली. अशी हौसेची, महागाच्या बियाची मिरची असेल, दहा बियांचं पाकीट दोनशेला घेतलेलं असेल, तर मॅट पैसे वसूल करून देते.

शेतकऱ्यांनी मात्र नादी लागू नये. एकराला तीन बाय दोन फुटावर सात हजाराच्या वर रोपं लागतात, म्हणजे ९८ होलचे पाऊणशे ट्रे, एका मॅटवर एक ट्रे, करा हिशोब. पिंपळगाव रेणुकाई किंवा धर्माबादकडं जे मिरचीत मुरलेले लोक आहेत ते असल्या भानगडीत पडत नाहीत. आपल्या नर्सरीवाल्यांची पद्धतच भारी आहे, बी टाकून पाणी दिलं की ट्रे एकावर एक रचायचे, काळ्या प्लास्टिकमधी गुंडाळून बंद खोलीत ठेवायचे, आतल्या आत ऊब धरते, मोड फुटले की लगेच मोकळे करायचे. बिल शून्य.

एक स्टार कापला तो सेन्सरच्या वायरीसाठी. लई नाजूक आहे, डब्यातनं निघते तिथं पहिल्याच सीझनला सैल झाली, आकडा मधीच ० दाखवायला लागली आणि ० दाखवलं की मॅट बंद व्हायचं नावच घेत नाही. कंपनीला मेल केला, फोटो पाठवा म्हणाले, पाठवले, मग गप्प. शेवटी स्टेशन रोडच्या एका रिपेअरवाल्यानं चाळीस रुपयात वायरीला सोल्डरचा डाग देऊन दिला, तेव्हापासनं नीट आहे. घेतल्यावर पहिल्याच दिवशी तिथं चिकटपट्टीचे दोन वेढे मारून ठेवा, अन सीझन संपल्यावर मॅट घडी घालू नका, गुंडाळून ठेवा, घडीवर आतली तार तुटते.