मुलाच्या फुटबॉलवर कॉलेजची फी सुटेल का? डिव्हिजन वन, आयव्ही, टू आणि थ्री

मुलगा ज्युनिअर इयरला (अकरावीत) आहे, हायस्कूलच्या संघात नियमित खेळतो, ग्रेडही चांगल्या आहेत. न्यू जर्सीत, टेक्ससात किंवा बे एरियात राहणाऱ्या मराठी आईबाबांना टेनिस आणि बुद्धिबळाच्या वाटा माहीत असतात. हेल्मेट-पॅडवाल्या फुटबॉलचं गणित मात्र घरात कुणालाच ठाऊक नसतं. मग कॉलेजच्या खेळांच्या तीन गटांचा, म्हणजे डिव्हिजनचा, आकडा धरून बसतात: वन म्हणजे भारी, थ्री म्हणजे दुय्यम. मैदानापुरतं ते बरोबर आहे. फीच्या हिशेबात मात्र घरचं उत्पन्न आणि मुलाचा व्हिसा या दोन गोष्टी आकड्यापेक्षा जास्त बोलतात.

डिव्हिजन वन

अमेरिकेत दहा लाखांच्या आसपास मुलं हायस्कूल फुटबॉल खेळतात. त्यांतली शंभरातली सातएक एनसीएएच्या (कॉलेजांच्या खेळांची राष्ट्रीय संघटना) कुठल्या तरी डिव्हिजनमध्ये पोचतात आणि डिव्हिजन वनमध्ये जेमतेम तीन. तिथल्या वरच्या गटात, म्हणजे एफबीएसमध्ये, अनेक वर्षं ८५ स्कॉलरशिप होत्या आणि प्रत्येक पूर्ण असायची. ऑफर आली की फी, राहणं, जेवण सगळं सुटलं, असा सरळ अर्थ होता.

तो अर्थ आता राहिला नाही. जून २०२५ मध्ये कोर्टाने कॉलेज खेळाडूंच्या मोबदल्यावरच्या ‘हाउस’ खटल्यातला समझोता मंजूर केला. १ जुलैपासून तो स्वीकारणाऱ्या कॉलेजांवर स्कॉलरशिपच्या संख्येची मर्यादा नाही. मर्यादा आहे ती रोस्टरवर, म्हणजे संघातल्या एकूण जागांवर, फुटबॉलसाठी १०५ खेळाडूंची. स्कॉलरशिप आता तुकड्यांतही देता येते. म्हणून कोच ‘ऑफर’ म्हणाला की पेढे वाटायच्या आधी विचारा: किती टक्के, किती वर्षांसाठी, आणि लेखी कधी? बऱ्याच स्कॉलरशिप एकेका वर्षाच्या असतात, दरवर्षी नव्याने ठरतात.

पैसे न घेता संघात येणाऱ्या वॉक-ऑन मुलांच्या जागाही या १०५ मुळे आवळल्या. पूर्वी कित्येक संघांत सव्वाशेच्या आसपास मुलं असायची. त्यात ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी. दुसऱ्या कॉलेजात दोन वर्षं खेळून तयार झालेला विशीतला गडी मिळत असताना सतरा वर्षांच्या पोरावर पैसे का लावायचे, असा विचार कोच करतोच. मुलाला थेट फोन करणारे कोच नसतील, तर या पर्यायावर घरचं बजेट बांधू नका.

आयव्ही लीग

हार्वर्ड, प्रिन्स्टन यांसारखी आठही नामवंत आयव्ही कॉलेजं डिव्हिजन वनमध्येच खेळतात, पण खेळासाठी एक डॉलरही देत नाहीत. फुटबॉलमुळे मिळतो तो प्रवेशाच्या वेळी कोचचा पाठिंबा, आणि त्याची किंमत मोठी आहे. पैसे फक्त गरजेनुसार. २०२५-२६ पासून हार्वर्डने वर्षाला २ लाख डॉलरपर्यंतच्या उत्पन्नाच्या घरांना ट्यूशन माफ केली. प्रिन्स्टनमध्ये अडीच लाखांपर्यंतच्या बहुतेक घरांना ट्यूशन पडत नाही. आईबाबा दोघंही आयटीत असले की बरीच घरं या रेषेच्या वर जातात, आणि मग वर्षाला ऐंशी हजार डॉलरच्या वरचं बिल बरंचसं किंवा पूर्णही भरावं लागू शकतं. गुणवत्तेवर सूट तिथे नाहीच.

एका बाबतीत मात्र हा पर्याय सगळ्यांत निवांत. दुसऱ्या वर्षी गुडघा गेला किंवा मुलाचं मनच उडालं, तरी मदतीला धक्का लागत नाही, कारण ती खेळाशी बांधलेलीच नाही.

डिव्हिजन टू

आपल्या लोकांचं सगळ्यांत कमी लक्ष जातं ते इथे. मला मात्र मधल्या दर्जाच्या, अभ्यासात हुशार खेळाडूसाठी हाच पर्याय सगळ्यांत आवडतो. इथे ३६ स्कॉलरशिपइतके पैसे अख्ख्या संघात वाटले जातात, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला तुकडाच येतो. पण त्या तुकड्यावर कॉलेजची अभ्यासाची मेरिट स्कॉलरशिप चढवता येते, आणि कॉलेज आपल्याच राज्यातलं सरकारी असेल तर मुळात फीही कमी. कोचलाही असा मुलगा परवडतो: ग्रेडवर निम्मे पैसे सुटत असतील तर त्याच्या बजेटमधून थोडेच जातात.

डिव्हिजन टू म्हणजे शिक्षण कच्चं असं वाटत असेल, तर कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्स पाहा. इंजिनिअरिंगचं नावाजलेलं कॉलेज, आणि २०२२ व २०२३, दोन्ही वर्षी डिव्हिजन टूच्या अंतिम सामन्यात.

डिव्हिजन थ्री

खेळाचे पैसे शून्य. पण या डिव्हिजनमध्ये दोन जातींची कॉलेजं आहेत आणि त्यांतला फरक हजारो डॉलरचा आहे. एमआयटी आणि अॅमहर्स्ट आयव्हीसारखी फक्त गरज बघतात. केस वेस्टर्न, रॉचेस्टर यांसारखी कॉलेजं गुणवत्तेवरही सूट देतात, उत्पन्न कितीही असो. सिनिअर इयरच्या आधीच्या उन्हाळ्यात इथल्या कोचला ‘प्री-रीड’ मागा: प्रवेश कार्यालय ट्रान्सक्रिप्ट बघून अंदाज सांगतं, आणि बऱ्याच ठिकाणी मदतीचा आकडाही कळतो.

एच-४ वर असाल तर

मुलगा एच-४ वर (आईबाबांच्या एच-१बी व्हिसावर अवलंबून असलेला व्हिसा) असेल तर फाफ्सा या अर्जावर मिळणारी सरकारी शिक्षण-मदत मिळत नाही. खेळाच्या आणि मेरिटच्या स्कॉलरशिपला ती अट नाही, म्हणून या घरांसाठी डिव्हिजन टू आणि मेरिट देणारी थ्री आणखी वर सरकतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी आणि अॅमहर्स्ट परदेशी नागरिकांनाही गरजेनुसार पूर्ण मदत देतात, हे लक्षात असू द्या. एकविसाव्या वर्षी एच-४ संपतो, म्हणजे कॉलेजच्या मध्यावरच एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, घ्यावा लागेल. एनआयएलच्या (खेळाडूच्या नावा-प्रतिमेच्या वापराचे पैसे) किंवा महसूल-वाट्याच्या (कॉलेजच्या खेळातल्या कमाईतला हिस्सा) कागदावर सही करण्याआधी इमिग्रेशन वकिलाला गाठा. आणि स्कॉलरशिपमधला राहण्या-जेवणाचा भाग करपात्र असतो, हे तर नागरिकांनाही लागू आहे.

चारही ठिकाणी लागणारी तयारी

डिव्हिजन वन आणि टूसाठी एनसीएएला १६ कोअर कोर्स (इंग्रजी, गणित, विज्ञान असे मुख्य विषय; वर्षभराचा कोर्स म्हणजे एक) लागतात. वनसाठी त्यांतले १० सिनिअर इयर (बारावी) सुरू होण्याआधी पूर्ण हवेत. किमान जीपीए वनला २.३, टूला २.२. आपल्या घरांत हा आकडा ऐकून हसतील. अडचण वेगळीच येते: नववी पुण्यात करून आलेल्या मुलाची तिकडची मूळ गुणपत्रिकाही एनसीएएला लागते. ती शाळेकडून आत्ताच मागवा.

वर्षाला हजारो डॉलर घेणाऱ्या रिक्रूटिंग सेवांबद्दल विचाराल, तर माझं मत नको असंच आहे. कोच बघतो ती हडल या व्हिडिओ साइटवरची खेळाची फिल्म, ज्यात पहिल्या अर्ध्या मिनिटात उत्तम खेळ दिसला पाहिजे, आणि विश्वास ठेवतो तो हायस्कूलच्या कोचच्या फोनवर. कॅम्पचं छापील ‘निमंत्रण’ ही जाहिरात असते. डिव्हिजन वनचे कोच ज्युनिअर इयरच्या १ सप्टेंबरपासून मुलाला लिहू शकतात. मुलगा त्यांना त्याआधीही लिहू शकतो. ईमेल मुलानेच लिहावा: पोझिशन, उंची, वजन, जीपीए, फिल्मची लिंक. बाबांनी लिहिलेला ईमेल पहिल्या ओळीतच ओळखू येतो.

यादी करायला बसाल तेव्हा आधी प्रत्येक कॉलेजच्या साइटवरच्या नेट प्राइस कॅल्क्युलेटरमध्ये घरचे आकडे घाला. फुटबॉलचा एक डॉलरही न धरता येणारी रक्कम झेपत असेल, तरच ते नाव कोचला ईमेल पाठवायच्या यादीत ठेवा.