लॅमिंग्टन रोडवरचं डिस्क-पॉलिश: १५० रुपये वसूल

भाच्यासाठी माळ्यावरचा पीएस-टू (जुना प्लेस्टेशन गेम कन्सोल) काढला, तर क्रिकेट गेमची डीव्हीडी वाचेचना. आधी घरचे उपाय. साधी पांढरी टूथपेस्ट (जेलवाली नाही), चष्म्याचं फडकं, आणि मधून कडेकडे सरळ पुसायचं. गोल घासलं तर नवा चरा डेटाच्या गोल ट्रॅकच्याच दिशेने पडतो. बारीक ओरखडे गेले, एक खोल राहिलाच. आई म्हणाली, "दात घासलेस का आज?"

शेवटी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरच्या एका गाळ्यात मशीनवर पॉलिश करून घेतली. दहा मिनिटांत चालू! पीएस-फोरची ब्ल्यू-रे मात्र त्याने हातातही घेतली नाही. बरोबरच आहे, पॉलिश म्हणजे वरचा थर घासणं, आणि तिचा डेटा वाचायच्या बाजूच्या पृष्ठभागापासून जेमतेम ०.१ मिमी आत, डीव्हीडीचा ०.६ मिमी. पावती काही मिळाली नाही.