पावाच्या चुऱ्याविना मीटबॉल : हाताने फिरवायच्या खिमा यंत्राचा अनुभव

कमी कर्बोदकांचे मीटबॉल घरी करताना खरी अडचण चवीची नसते, बांधणीची असते. जपानी किंवा चिनी धाटणीच्या गोळ्यांत आले, पातीचा कांदा, सोया सॉस आणि भाजलेल्या तिळांचे तेल पडले की चव आपोआप जागेवर येते. पण नेहमीच्या कृतीतला पावाचा चुरा किंवा कॉर्नफ्लोअर वगळले की तेच गोळे एक तर तव्यावर फुटतात, नाही तर रबरासारखे घट्ट होतात. १०० ग्रॅम कॉर्नफ्लोअरमध्ये साधारण ९० ग्रॅम आणि तेवढ्याच कोरड्या चुऱ्यात ७० ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात, म्हणजे ज्याला ती मोजून खायची आहेत त्याला हे दोन्ही पदार्थ बाजूला ठेवावेच लागतात. मग गोळा धरून ठेवण्याची सगळी जबाबदारी खिम्यावर येते. बिडाचे, कल्हई केलेले, ओट्याला किंवा टेबलाला आवळून बसवायचे ८ क्रमांकाचे (हा यंत्राच्या आकाराचा क्रमांक) खिमा यंत्र मी एवढ्याच कामासाठी घेतले आणि त्याच एका कसोटीवर ते येथे तपासले आहे.

दुकानातून खिमा करून आणणे सोपे आहे, हे मान्य. मात्र चिकनच्या दुकानात खिमा करताना मांस आधी धुतलेले असते, त्यात कातडी आणि बारीकसारीक तुकडेही जातात, आणि घरी येईपर्यंत पिशवीच्या तळाशी पाणी साचते. कालवणासाठी किंवा खिमापावासाठी तो चालून जातो, कारण तेथे पाणी आटवायचेच असते. चुरा न घालता गोळे वळायचे असतील तर मात्र हेच पाणी घात करते. मिक्सरच्या भांड्यात दुसरीच गत होते. पात्यांच्या वेगाने मांस तापते, तळाशी लगदा होतो आणि वर अख्खे तुकडे तसेच राहतात.

या यंत्राची रचना अगदी साधी आहे. वरच्या नरसाळ्यातून टाकलेले तुकडे मळसूत्री दांडा पुढे ढकलतो, चार पाख्यांचे पाते ते कापते आणि जाळीच्या भोकांतून खिमा बाहेर पडतो. सोबत दोन जाळ्या मिळाल्या, एक बारीक आणि एक जाड भोकांची. पात्याची सपाट बाजू जाळीला चिकटून बसली पाहिजे. ते उलटे बसवले तर यंत्र मांस कापत नाही, नुसते चेंगरते, आणि माहितीपत्रकात नेमकी हीच गोष्ट एवढ्याशा अक्षरांत एका कोपऱ्यात छापली आहे. नव्या यंत्रातून पहिल्यांदा करडसर पाणी येते, म्हणून सुरुवातीला चरबीचे चार तुकडे फिरवून ते टाकून द्यावेत.

बसवण्याचा प्रश्न अधिक गंभीर आहे. आपल्याकडच्या ग्रॅनाइटच्या ओट्यांची कड बहुधा गोल आणि दुहेरी जाडीची असते, आणि खालच्या कपाटांची दारे तिच्या इतकी जवळ येतात की शिकंजाचा स्क्रू आत शिरतच नाही. जेवणाच्या लाकडी टेबलाला यंत्र व्यवस्थित बसते, पण खाली जाड कापड घातले नाही तर लाकडावर वळ उमटतो. ज्यांच्या घरी काचेचे टेबल आणि ग्रॅनाइटचा ओटा एवढेच आहे, त्यांनी विकत घेण्यापूर्वी टेप घेऊन कड मोजावी.

कसोटीसाठी मी मुख्यतः जपानी त्सुकुने केले. यात कोंबडीच्या खिम्याचे गोळे काडीला लावून निखाऱ्यावर भाजतात, आणि याकितोरीच्या, म्हणजे काडीला लावून भाजलेल्या कोंबडीच्या, दुकानांत ते दोन प्रकारे मिळतात : नुसते मीठ लावून, किंवा सोया सॉस, मिरिन (तांदळाची गोड जपानी दारू) आणि साखर आटवून केलेल्या ‘तारे’ नावाच्या गोड रसात बुडवून. कमी कर्बोदके हवी असणाऱ्याला मिठाचा प्रकार आयताच मिळतो. त्यासाठी साखरेला पर्याय शोधत बसण्याची गरज नाही, आणि खरे सांगायचे तर कृत्रिम गोडीचा तारे मला फारसा रुचतही नाही.

कोंबडीच्या मांडीचे बिनहाडाचे ५०० ग्रॅम मांस दोन बोटे रुंदीच्या तुकड्यांत कापून, त्याच्या कडा ताठरेपर्यंत, म्हणजे अर्धा-पाऊण तास फ्रीझरमध्ये ठेवावे; यंत्राचा दांडा, पाते आणि जाळीही सोबत ठेवावी. हे केले की यंत्राचा खरा गुण दिसतो. जाळीतून खिम्याच्या सुट्या, मोकळ्या शेवया पडतात, त्यांत गुलाबी मांस आणि पांढरी चरबी वेगवेगळी ओळखू येते. मांस कोमट असेल तर हेच यंत्र फिकट, तेलकट लगदा देते आणि शिरा पात्याभोवती गुंडाळून बसतात. शेवटी नळीत अडकलेले मांस बाहेर काढण्यासाठी लोक पावाचा तुकडा फिरवतात. येथे तो चालणार नसल्याने मी कोबीचे जाड देठ वापरते, आणि तेवढा कोबी गोळ्यांत खपून जातो.

खिम्यात आधी केवळ ६-७ ग्रॅम मीठ घालून तो एकाच दिशेने हाताने घोटायचा. मिठामुळे मांसातले मायोसिन हे प्रथिन सुटे होऊन बाहेर येते, खिमा हाताला चिकटू लागतो, ताणला की त्याला तंतू सुटतात. पुढे आचेवर हेच प्रथिन घट्ट होऊन गोळा बांधून ठेवते. चुऱ्याचे काम येथे मीठ आणि मनगट मिळून करतात. त्यानंतरच दाबून पाणी काढलेले १२० ग्रॅम टोफू, एका अंड्याचा पांढरा भाग, किसलेले आले, बारीक चिरलेली पात आणि चमचाभर सोया सॉस घालावे. टोफूमुळे गोळे मऊ राहतात, आणि अख्ख्या घाण्यात मिळून कर्बोदके ८-१० ग्रॅमच्या पुढे जात नाहीत. ५० ग्रॅम चुरा घातला असता तर त्या एकट्यानेच ३५ ग्रॅमची भर घातली असती. गोळे बिडाच्या तव्यावर सर्व बाजूंनी लालसर करून मग झाकण ठेवावे आणि आतले तापमान ७४ अंश सेल्सिअसला पोहोचल्याची खात्री करावी. तिळाचे तेल मात्र भाजलेल्या तिळांचेच हवे. आपल्या घाण्यावरच्या फिक्या तेलाला तो वास नसतो.

या यंत्राचा खिमा वापरून केलेले त्सुकुने माझ्या तव्यावर फुटले नाहीत. चावताना मांसाचा कण लागतो, आणि मिक्सरमधल्या खिम्याला हे कधीच साधत नाही.

याचा अर्थ प्रत्येक आशियाई गोळ्यासाठी हे यंत्र उपयोगी आहे, असा नाही. चीनच्या यांगचौ भागातले ‘सिंहमस्तक’, म्हणजे चिनी कोबीबरोबर मंद आचेवर शिजवलेले डुकराच्या मांसाचे मोठे गोळे, परंपरेने सुरीने कापलेल्या मांसाचे करतात. जाड जाळीने त्याच्या जवळपास जाता येते, पण तो भुसभुशीतपणा येत नाही. इंडोनेशियातल्या बाक्सोचे उलटे आहे : तेथे उसळी मारणारा घट्ट गोळा हवा असतो, त्यासाठी मांसाचा गुळगुळीत लगदा लागतो आणि टॅपिओकाचे पीठही. पीठ काढलेला बाक्सो करण्याच्या भानगडीत पडूच नये.

धुणे हे या यंत्राचे सर्वांत मोठे दुखणे आहे. माहितीपत्रक गरम पाण्याने धुवा म्हणून सांगते, परंतु तसे केल्यास मांसाचे कण जाळीच्या भोकांत शिजून बसतात. आधी गार पाणी, मग साबण आणि गरम पाणी हाच क्रम योग्य. कच्च्या कोंबडीचा संबंध असल्याने टेबल आणि ओटाही तितकाच नीट पुसावा लागतो. कल्हईचे भाग डिशवॉशरमध्ये घालू नयेत, ते लगेच कोरडे करून तेलाचा हात फिरवून ठेवावेत. पावसाळ्यात एक रात्र जरी ओले राहिले तरी पात्यावर गंज चढतो.

किंमत दीड हजारांच्या थोडी वर पडली. महिन्यातून एखाद्या वेळी गोळे करणाऱ्याने एवढा पसारा मांडू नये, धारदार सुरीने मांडीचे मांस बारीक चिरले तरी त्याचे भागेल. दर आठवड्याला करणाऱ्याने मात्र शक्य असल्यास थोडे अधिक पैसे देऊन स्टीलचे यंत्र बघावे. घेताना जादा पाते आणि जाळी त्याच दुकानातून मागून घ्यावी, कारण वेगवेगळ्या कारखान्यांच्या जाळ्यांची खाच एकमेकींना जुळत नाही. पाते बोथट झाले तर सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून त्याची सपाट बाजू गोल गोल घासली की धार परत येते.