टीजीएफ-बीटा-१ ची १० मायक्रोग्रॅमची व्हायल: माल खरा, पत्रक अपुरं

पूर्वज पेशींपासून रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या आकुंचन पावणाऱ्या स्मूथ मसल पेशी घडवायच्या, तर टीजीएफ-बीटा-१ हे पेशींना संकेत देणारं प्रथिन सहसा लागतं. नागपुरात मिळणाऱ्या या व्हायलची (छोट्या बाटलीची) पावडर कामाची आहे. सोबतच्या पत्रकावर मात्र विसंबू नका.

आधी पार्सलचं. मे महिन्यात जेल पॅक वितळून कोमट झालेला मिळाला तरी घाबरू नका, कोरडी पावडर एवढा प्रवास सहसा सोसते. त्याच खोक्यात सीरम मात्र मागवू नये. विरघळवलेला माल ड्राय आइसशिवाय आला तर सरळ परत करा.

व्हायल रिकामीच वाटते, म्हणून उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून घ्या. पत्रक म्हणतं, निर्जंतुक पाण्यात विरघळवा. तसं केलं की प्रथिन नीट विरघळत नाही आणि प्लास्टिकला चिकटून बसतं. ४ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लात दर मिलीला १ मिलिग्रॅम बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन, ते प्रथिनाला चिकटण्यापासून वाचवतं) घाला आणि त्याचे ५०० मायक्रोलिटर वापरा: दर मिलीला २० मायक्रोग्रॅम. दहा-दहा मायक्रोलिटरचे वाटे करून उणे ८० ला ठेवा. एकदा वितळलेला वाटा पुन्हा गोठवायचा नाही.

पेशी वाढवायच्या सहा विहिरींच्या (खळग्यांच्या) प्लेटला, दर विहिरीत २ मिली मीडिया (पेशींचं पोषक द्रावण) आणि दर मिलीला २ नॅनोग्रॅम धरले, तर मीडियाच्या एका बदलाला २४ नॅनोग्रॅम लागतात, म्हणजे १.२ मायक्रोलिटर. इतकं थेट पिपेटने उचललं की चूक होतेच. बीएसए असलेल्या द्रावणात मधला डायल्यूशन करा.

आता खरी परीक्षा. आल्फा-अ‍ॅक्टिन (स्मूथ मसलमधलं आकुंचनाचं एक प्रथिन) वाढलं म्हणून व्हायल पास करू नका. साधे फायब्रोब्लास्टही (जोड-ऊतीतल्या पेशी) या प्रथिनाने आल्फा-अ‍ॅक्टिन बनवतात. कॅल्पोनिन हे आकुंचनाचं दुसरं प्रथिन बघा, आणि शेवटी एमवायएच-११, म्हणजे स्मूथ मसलचं मायोसिन. ते उशिरा येतं, पण साक्ष त्याचीच भरवशाची. माल जिवंत आहे की नाही हे तासाभरात कळतं: टीजीएफ-बीटाचा संकेत पेशीत पुढे नेणाऱ्या स्मॅड-२ या प्रथिनावर फॉस्फेट चढायला हवा, आणि तो संकेत रोखणारं रसायन एसबी-४३१५४२ (१० मायक्रोमोलर) घातल्यावर तो चढायला नको. १० टक्के सीरममध्ये ही चाचणी फसते, कारण सीरममध्ये टीजीएफ-बीटा आधीच असतं.

स्टेम सेलपासून सुरुवात असेल तर ही व्हायल एकटी पुरत नाही. २०१२ मध्ये केंब्रिजच्या गटाने दाखवलेल्या पद्धतीत आधी न्यूरोएक्टोडर्म किंवा मेसोडर्म (भ्रूणातले सुरुवातीचे पेशीथर) घडवतात आणि मग पीडीजीएफ-बीबी हे पेशी वाढवणारं दुसरं संकेत-प्रथिन (दर मिलीला १० नॅनोग्रॅम) टीजीएफ-बीटा-१ सोबत देतात. सुरुवात कुठून केली याने फरक पडतो. शरीरातही महाधमनीच्या कमानीतल्या स्मूथ मसल पेशी न्यूरल क्रेस्टच्या (न्यूरोएक्टोडर्मपासून निघालेल्या), खाली उतरणाऱ्या भागातल्या सोमाइटच्या (मेसोडर्मच्या गाठींतून आलेल्या). पीडीजीएफ एकटंच देत राहिलात तर पेशी वाढतात, सरकतात, पण आकुंचनाची प्रथिनं गमावतात. पत्रकात यातलं अवाक्षर नाही.

एमएस्सीच्या प्रकल्पापुरतं काम असेल तर २ मायक्रोग्रॅमची व्हायल घ्या. मोठी व्हायल पडून राहते.