आधार केंद्राच्या नावाखाली १,४२,५०० रुपये गेले. सेतूवाल्यांनो, सावध व्हा

नोंदणीचे १५,०००, किटचे १,०५,००० आणि आयडी चालू करून द्यायचे २२,५००. 'आधार सेवा केंद्राची फ्रँचायझी' म्हणून फोनवरच्या एका माणसाने माझ्याकडून हे पैसे घेतले. अशी फ्रँचायझी कुणी विकत देऊच शकत नाही. यूआयडीएआय, म्हणजे आधार चालवणारी सरकारी संस्था, रजिस्ट्रार (सरकारी खाती, बँका) नेमते, रजिस्ट्रारच्या हाताखाली ऑपरेटर काम करतात, तेही परीक्षा देऊन. हे सगळं मला ठाऊक होतं.

तरी फसलो, कारण गिऱ्हाईक खरं होतं. सोलापुरात विडी घरकुलात, विडी कामगारांच्या वसाहतीत, जाऊन बघा. विड्या वळून वळून बायकांच्या बोटांच्या रेषा झिजतात, रेशनच्या मशीनवर अंगठा लागत नाही, की निघाल्या बायोमेट्रिक अपडेटला, म्हणजे ठसे नव्याने द्यायला. शुल्क १२५ रुपये. दिवसाला ४० जणी धरा, ५,००० झाले. फोनवरच्या त्या माणसाने हाच हिशोब मांडला. मला हावरट म्हणणाऱ्यांनी आधी ती रांग बघावी.

खोकं उघडलं तिथेच थांबायला हवं होतं. नोंदणीला स्लॅप स्कॅनर लागतो: डावी चार बोटं, उजवी चार, मग दोन्ही अंगठे. शिवाय डोळ्यांचा आयरिस स्कॅनर, कॅमेरा, जीपीएस. आत निघाला एका बोटाचा स्कॅनर, अंगठा लावून पैसे काढून देताना दुकानात रोज वापरतो तसाच, दोन-तीन हजारांचा. दिवसभर तोच हाताळणाऱ्याला फरक कळणार नाही? कळला. "स्लॅप मागून येतोय, आधी आयडी चालू करून घ्या," फोनवरचे म्हणाले, आणि मी २२,५०० पाठवले!

ऑपरेटरचा आयडी आला तो परराज्यातल्या कुणाचा तरी. सोबत पाकिटात, सेलोटेपने चिकटवलेली पिवळट रबराची चकती. उजेडात धरली तर अंगठ्याच्या रेषा. प्रत्येक नोंदणीवर ऑपरेटरला स्वतःच्या बायोमेट्रिकने सही करावी लागते, त्यासाठी हा नकली अंगठा. तो मी मशीनवर टेकवला नाही. टेकवला असता तर आज आरोपी मीच असतो.

ठाण्यात पहिला प्रश्न काय, तर "बेकायदा केंद्र तुम्हालाच चालवायचं होतं ना?" चकती समोर ठेवली, कुणी हात लावेना. तिथून सायबर पोलिसांकडे, सायबरने बँकेत, बँकेने परत ठाण्यात. तीन आठवडे! यूटीआर (व्यवहाराचा क्रमांक), खाते क्रमांक, आयएफएससी सगळं लिहून दिलं, तर म्हणे अर्ज विहित नमुन्यात नाही. तक्रारदाराला चोरासारखं वागवायचं आणि चोराला मोकळं सोडायचं, ही कुठली रीत?

पैसे गेल्या गेल्या १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. मी नवव्या दिवशी लावला, तोवर खातं रिकामं. लेटरहेड कंपनीचं आणि पैसे कुणाच्या तरी बचत खात्यात, असं दिसलं की फोन ठेवा. परीक्षेशिवाय सर्टिफिकेट देतो म्हणणारा चोरच.

आणि एक. 'ऑपरेटर नोंदणी'साठी त्यांनी शाईने उमटवलेले दहाही बोटांचे ठसे मागवले होते. मी पाठवले. आता आधारच्या अधिकृत ॲपवरून बायोमेट्रिक लॉक केलंय, तुम्हीही आजच करा. तो कागद अजून त्यांच्याकडेच आहे.