यलोस्टोनमधील गायझर पाहण्याची व्यवस्था : दोन दिवसांच्या मुक्कामानंतरचे परीक्षण

अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाला जाऊन आलेल्या आपल्याकडच्या बहुतेक प्रवाशांच्या बोलण्यात 'ओल्ड फेथफुल' या एकाच गायझरचे, म्हणजे थांबून थांबून जमिनीतून उसळणाऱ्या गरम पाण्याच्या कारंज्याचे, नाव असते, कारण सहलीच्या कार्यक्रमात त्याच्यासाठी तास-दीड तास राखलेला असतो आणि त्याचा फवारा खाली बसला की बस पुढच्या मुक्कामाला निघते. सप्टेंबर २०२४ मध्ये मी, माझे यजमान आणि माझी आई असे तिघे तिथे गेलो, तेव्हा ओल्ड फेथफुल ज्या भागात आहे त्या अपर गायझर बेसिनसाठी आम्ही दोन पूर्ण दिवस ठेवले होते. जगातील एकूण गायझरपैकी निम्म्याहून अधिक यलोस्टोनमध्ये आहेत आणि त्यांतले बरेचसे याच छोट्या खोऱ्यात दाटलेले आहेत. ते सामान्य माणसाला नीट पाहता यावेत म्हणून उद्यानाने जी सोय केली आहे, तिच्याबद्दल सविस्तर लिहावे असे मला मनापासून वाटते.

या सोयीचा गाभा म्हणजे तिथला अंदाजफलक. ओल्ड फेथफुलशेजारच्या माहिती केंद्रात ओल्ड फेथफुल, कॅसल, ग्रँड, डेझी आणि रिव्हरसाइड या पाच गायझरच्या पुढच्या उद्रेकाच्या वेळा लिहिलेल्या असतात, आणि प्रत्येक वेळेपुढे ती किती मागेपुढे होऊ शकते हेही तितक्याच ठळकपणे दिलेले असते. ओल्ड फेथफुलसाठी ही सूट दोन्ही बाजूंना दहा मिनिटांची असते, तर ग्रँडसाठी ती तासाहून अधिक असते. अंदाज कसा बांधतात हे तिथल्या रेंजरने आईला समजावून सांगितले. ओल्ड फेथफुलचा उद्रेक अडीच मिनिटांपेक्षा कमी वेळात आटोपला, तर जमिनीखालच्या पोकळीत बरेच पाणी शिल्लक राहते आणि पुढचा उद्रेक लवकर होतो; तो अधिक काळ चालला, तर पोकळी पुन्हा भरून तापायला सुमारे दीड तास लागतो. म्हणजे आधीचा उद्रेक कोणीतरी घड्याळ लावून मोजल्याशिवाय पुढची वेळ सांगताच येत नाही. उद्यानाजवळच्या हेबगेन सरोवराच्या १९५९ मधील भूकंपानंतर या गायझरच्या दोन उद्रेकांमधले सरासरी अंतर वाढले, तेही अशा वर्षानुवर्षांच्या नोंदींमुळेच समजले. आपल्याला काय सांगता येते आणि कुठवर सांगता येते, हे इतक्या प्रांजळपणे मांडणारी सार्वजनिक सेवा मी क्वचितच पाहिली आहे.

त्या फलकाच्या भरवशावर आम्ही पहिल्या दिवशी ग्रँडसमोर जवळजवळ दोन तास बसलो. ग्रँडचे कुंड दिसायला अगदी साधे, उथळ डबक्यासारखे आहे. त्याच्या शेजारी टर्बन नावाचा लहान गायझर दर वीस मिनिटांनी वगैरे उसळतो, आणि ग्रँड उडायचा झाला तर साधारणपणे त्याच सुमारास उडतो, त्यामुळे दर वीस मिनिटांनी बाकांवरची सगळी माणसे एकदम सावध होतात. वर्षानुवर्षे इथे येऊन नोंदी ठेवणारी काही हौशी मंडळी आमच्या शेजारीच होती. कुंड काठोकाठ भरले, पृष्ठभागावर लाटा उठू लागल्या, तेव्हा त्यांच्यातल्या एका वृद्ध बाईंनी आईला खुणेने कॅमेरा तयार ठेवायला सांगितले. त्यानंतरची दहा मिनिटे पाणी एका सरळ खांबासारखे न चढता, तोफांच्या सरबत्तीसारखे गोळ्यांनी वर जात होते. ग्रँड हा अंदाज वर्तवता येणाऱ्या गायझरमध्ये जगातला सर्वांत उंच मानला जातो आणि त्याचे पाणी ६० मीटरपर्यंत पोहोचते. मग सारे शांत झाले. निम्मे लोक टाळ्या वाजवून निघाले, पण ती हौशी मंडळी जागची हलली नाहीत. क्षणभरात कुंड पुन्हा उसळले आणि दुसरा झोत पहिल्यापेक्षाही उंच गेला. ग्रँडला जाणाऱ्याने पहिल्या झोतानंतर उठू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

रिव्हरसाइड मात्र वेगळ्या स्वभावाचा आहे. तो फायरहोल नदीच्या पलीकडच्या काठावर आहे आणि त्याचा फवारा तिरपा, कमानीसारखा नदीवर झेपावतो. उद्रेकाच्या तास-दोन तास आधी त्याच्या मुखावरून पाणी ओघळू लागते, त्यामुळे वाट पाहणाऱ्याला दिलासा मिळतो. दुपारच्या उन्हात आम्हाला त्यात इंद्रधनुष्यही दिसले.

चालण्याच्या सोयीबद्दल विशेष लिहायला हवे, कारण आईच्या गुडघ्यांची मला काळजी होती. माहिती केंद्रापासून मॉर्निंग ग्लोरी कुंडापर्यंतचा सुमारे अडीच किलोमीटरचा मुख्य रस्ता पक्का आणि बराचसा सपाट आहे, आणि गायझरजवळून लाकडी फळ्यांचे मार्ग नेलेले आहेत. या फळ्यांवरून खाली पाऊल टाकायला सक्त मनाई आहे. आईचे माहेर राजापूरचे. तिथल्या उन्हाळे गावच्या गरम पाण्याच्या कुंडात लहानपणी मनसोक्त आंघोळ केलेली असल्याने, इतक्या गरम पाण्याजवळ येऊन पायसुद्धा बुडवायचे नाहीत याचे तिला प्रथम वाईट वाटले. पण कोकणातल्या झऱ्यांचे पाणी खोल भेगांत शिरून तापते आणि सोसवेल इतके ऊन होऊन वर येते, तर इथे काही किलोमीटर खाली तप्त शिलारस आहे. समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंचीवरच्या या खोऱ्यात पाणी ९३ अंश सेल्सिअसलाच उकळते, आणि कुंडांभोवतीची पांढरी जमीन म्हणजे पाण्यातल्या सिलिकाचा साचलेला, जागोजागी अतिशय पातळ असा थर असतो. या उद्यानातल्या गरम कुंडांत भाजून आजवर वीसहून अधिक माणसे दगावली आहेत. आमच्या भेटीच्या दोन महिने आधी, २३ जुलैला, जवळच्या बिस्किट बेसिनमध्ये ब्लॅक डायमंड कुंडाखाली वाफेचा स्फोट होऊन फळ्यांचा मार्ग उद्ध्वस्त झाला होता आणि तो भाग बंदच होता. सुदैवाने त्यात कोणालाही इजा झाली नाही.

ग्रँड प्रिझमॅटिक हे सुमारे ११० मीटर रुंदीचे कुंड पाहताना आमची एक चूक झाली. आम्ही भल्या पहाटे गेलो आणि थंडीमुळे उठणाऱ्या दाट वाफेपलीकडे काहीच दिसले नाही. दुपारी फेअरी फॉल्सच्या वाटेवरच्या टेकडीवर चढून पुन्हा पाहिले, तेव्हा मधला गडद निळा आणि कडेचे पिवळे-नारिंगी पट्टे स्वच्छ दिसले. कडेचे हे रंग उष्ण पाण्यात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांचे आहेत. यलोस्टोनच्याच एका झऱ्यात १९६० च्या दशकात सापडलेल्या अशाच एका जिवाणूचे विकर (एन्झाइम) पुढे पीसीआर चाचणीचा आधार ठरले, आणि करोनाकाळात आपण सर्वांनी त्या चाचणीचे नाव ऐकले. मॉर्निंग ग्लोरी कुंडापाशी मात्र मन खिन्न होते. लोकांनी वर्षानुवर्षे नाणी आणि कचरा टाकल्यामुळे त्याचा मूळचा निळा रंग पालटला आहे.

उणिवाही सांगायला हव्यात. बहुतेक बाकांवर सावली नाही, त्यामुळे टोपी, पाणी आणि गरम कपडे हे तिन्ही बरोबर हवेत. फोनला अनेक ठिकाणी संपर्क मिळत नाही, म्हणून निघण्यापूर्वी फलकाचा फोटो काढून घ्यावा. सकाळी उशिरा पोहोचल्यास गाडी लावायला जागा मिळणे कठीण असते. शाकाहारी जेवणाचे पर्याय मोजकेच असल्याने आमच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी फार उपयोगी पडली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निरोप घ्यायला आम्ही पुन्हा ओल्ड फेथफुलसमोर गेलो. फवारा सुरू होताच आईने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले आणि तो थांबल्यावर माझ्या यजमानांना म्हणाली, "जावईबापू, चार मिनिटं चालला. म्हणजे आता दीड तास तरी आहे. तोवर जेवून घेऊ." आम्ही जेवून माहिती केंद्राच्या दाराशी आलो, तेव्हा फलकावरची वेळ तिच्या अंदाजाशी पाच मिनिटांच्या फरकाने जुळत होती.