क्वार्टर म्हणजे सहा: दारू सोडवणारं अ‍ॅप, आठ महिन्यांनी

"एक क्वार्टर तर घेतो रोज," असं मी वर्षानुवर्षं म्हणत आलो. अ‍ॅपने पहिल्याच दिवशी हिशेब मांडला. ३० मिली व्हिस्की म्हणजे साधारण १० ग्रॅम अल्कोहोल, एक युनिट. म्हणजे क्वार्टरचे, १८० मिलीचे, सहा. त्यानंतर 'ऑडिट' या पिण्याच्या सवयी तपासणाऱ्या चाचणीचे दहा प्रश्न, जागतिक आरोग्य संघटनेचे. ४० पैकी माझे २३ आले. २० च्या पुढे असाल तर आधी डॉक्टरांना भेटा, ही सूचना खाली बारीक अक्षरात होती. मी वाचली नाही, अ‍ॅपनेही अडवलं नाही.

परिणाम दुसऱ्या दिवशी सकाळी. चहा घेताना कपबशी खडखडायला लागली, अंगाला दरदरून घाम. मोबाइलवर मात्र 'एक दिवस पूर्ण!' म्हणून फुगे उडत होते. बायकोने सरळ रिक्षात घातलं. रोज पिणाऱ्याने एकदम थांबवली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, हे मला डॉक्टरांकडून कळलं. गोळ्या, बी-१ जीवनसत्त्व, आठवडाभर रजा. खरी सुरुवात त्यानंतर.

अ‍ॅपचं नाव देत नाही, कारण अशी बरीच आहेत आणि पद्धत बहुतेकांची तीच: सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयींवर काम करणारी उपचारपद्धत. येल विद्यापीठात कॅथलीन कॅरोल यांनी संगणकावरची सीबीटी तयार केली, तिची २००८ मध्ये छापून आलेली चाचणी नेहमीच्या उपचारांच्या जोडीला घेतली होती. जोडीला. माझ्या अ‍ॅपची जाहिरात वाचून हा शब्द कुणालाही सुचणार नाही.

तरीही आठ महिने टिकलो ते एका भागामुळे. 'बिनमहत्त्वाचे वाटणारे निर्णय' असा धडा आहे. प्यायच्या आधीचा तासभर लिहून काढायचा. तीन आठवड्यांच्या नोंदी वाचल्या तर जवळपास प्रत्येक संध्याकाळी सात-सव्वासातला घरातलं दूध संपलेलं! डेअरी वाईन शॉपला लागून आहे. घराखालच्या किराणावाल्याकडेही दूध मिळतं, पण "त्याचं पातळ असतं" हे मत माझं, घरात दुसऱ्या कुणाचंच नाही. चाळिशी उलटलेला माणूस स्वतःला इतकं सहज फसवतो हे वाचून आधी हसलो, मग बराच वेळ गप्प बसलो.

तलफ चढते, टिकते, उतरते, तेवढा वेळ नुसतं बघत राहा, हा व्यायामही उपयोगी. नकार द्यायचा सराव मात्र अगदीच पोकळ. व्हिडिओत कुणीतरी सभ्यपणे ग्लास पुढे करतं. आपल्याकडे फोन येतो, "बसायचं का?" त्यात दारूचा उल्लेखही नसतो, नकार नक्की कशाला द्यायचा? गटारीला मी असाच घसरलो. दुसऱ्या दिवशी अ‍ॅपने आकडा शून्यावर आणला, पाच महिने पुसले. रागाने काढूनच टाकणार होतो. डॉक्टर म्हणाले, "घसरलात त्याची नोंद केलीत ना? मग ती घेऊन या." त्या नोंदीवर आम्ही तासभर बोललो. अ‍ॅपमधल्या सल्लागाराने तोवर मला श्वासाचा व्यायाम पाठवला होता.

आणखी एक. सूचना सकाळी नऊला येते, ऑफिसात, 'आज पिणार नाही ना?' अशा मोठ्या अक्षरात. ती आधी बंद करा.

वर्षाची वर्गणी पुन्हा भरणार नाही. नोंदी आता वहीत करतो, महिन्यातून एकदा डॉक्टरांना दाखवतो. दूध खालून येतं. पातळ नसतं.